तुळईची चौथी बाजू

माहेर म्हनाल तर माझं माण तालुक्यातलं, पन तिथलं काय सांगू तुम्हाला ताई, तिथं झाड म्हंजी बाभळ आन बाभळीखाली बसलेली शेळी, बाकी सगळा उघडा माळ, लाकूड म्हनून जे काय मिळायचं ते चुलीत जायचं, आन चुलीतनंसुदिक आई एक फाटा मागं ओढायची, येवढं पेटवू नगं, उद्याला ठेव, म्हनायची. तर अशा ठिकानची मी, आन जलम गेला सागवानात. हसू नका, खरंच सांगते. लगीन करून घाटकोपरला आले, डोंगराच्या पायऱ्या चढून वर पत्र्याची खोली, नवरा जुन्या लाकडाच्या वखारीत हमाल, आन सासूबी त्याच वखारीत, तिथं ती खिळं काढायची. मला वाटलं, खिळं काढायची म्हंजी काय, पिशवीतनं काढून गिऱ्हाइकाला देती का काय. सासू म्हनली, चल उद्या, बघशील.

तर ती वखार म्हंजी, मुलुंड, घाटकोपर, पार्ला, जिथं जिथं जुनी चाळ पडती न्हाईतर बंगला पडतो, तिथनं ट्रक भरून माल यायचा, दारं, खिडक्या, जिन्याच्या पायऱ्या, कठडे, आन तुळया. तुळई म्हंजी ज्याच्यावर छत तोललेलं असतं ते आडवं जाड लाकूड, दोन मानसांनी उचलायचं. वरनं रंगाची पुटं, धूर, जळमटं, हात लावू वाटायचा न्हाई, पन रंधा एकदा फिरला की आतनं असा साग निघायचा की आता रानात शोधून मिळायचा न्हाई. पन त्या लाकडात लोखंड असतं. लोकांनी कशाकशाला खिळा ठोकलेला नसंल, कॅलेंडरला, कंदिलाला, छत्री अडकवायला, मच्छरदानीच्या दोरीला, ठोकला की ठोकला, काढायचं कुनाच्या मनात येत न्हाई. ते सगळं बाहेर काढल्याबिगर लाकूड मशीनीवर घालता येत न्हाई, कारन मशीनीचा दातेरी पट्टा खिळ्याला लागला की तुटतो, आन तुटला की कुनाचं काय घेऊन जाईल सांगता येत न्हाई. ते काढायचं काम बायांचं. हातोडी, छोटी पहार, पटाशी, आन जंबूर, म्हंजी ती लांब दांड्याची पक्कड. बास, येवढंच सामान.

सासू पहिल्या दिवशी म्हनली, डोळ्यानं बघू नगं, डोळा फसतो, वरनं रंग असतो, लांबी, म्हंजी भोकं बुजवायचा लेप, भरलेली असती, तळव्यानं बघ. मंग माझा हात धरून तुळईवरनं फिरवला, हळू, या टोकापासनं त्या टोकापत्तर, आन म्हनली, काय लागलं? म्हनलं काय न्हाई. म्हनली परत. तिसऱ्या टायमाला लागलं, मुंगीयेवढं काय तरी, तिथं पटाशीनं खरवडलं तर खाली बोटभर खिळा, डोकं तुटलेला. आन मंग तिनं सांगितलं, तुळईला बाजू चार, चारी बघायच्या, तीन बघून चौथी सोडायची न्हाई, कितीबी जड असू दे, हमालाला हाक मारायची आन पलटी करायची. चारी झाल्या की मंगच खडूनं आपली निशानी काढायची. हर एक बाईची निशानी येगळी, सासूची फुली व्हती. मला लिवता येत नव्हतं, मी दोन उभ्या रेघा काढल्या आन मधी टिंब दिलं, सासू म्हनली झाली तुझी सही. आन निशानी असली म्हंजी मशीनवाला बिनघोर माल घालनार, त्यानं परत बघायचं नसतं, त्याला तेवढा येळ कुठला.

आन एक पाळन्याची कडी. हे तुम्हाला दुसरं कुनी सांगनार न्हाई. जुन्या घरात तुळईला खालच्या अंगानं लोखंडी कडी असायची, पाळना टांगायला. पोरं मोठी झाली की ती डोक्याला लागायची, म्हनून लोकं कापून टाकायची, पन तिची दांडी आत तशीच ऱ्हायची, बोटायेवढी जाड, वरनं रंग मारला की दिसायची न्हाई. म्हनून मुकादम ट्रकबरोबर आला की सासू इचारायची, कंच्या खोलीची तुळई, आतली का गॅलरीची? कधी कधी घर खाली करनारी मानसं ट्रकमागं यायची, आपलं दार कुठं चाललं बघायला, तर सासू त्यातल्या बायांनाच इचारायची, बाई, पाळना कुठं बांधला व्हता? मुलुंडची एक म्हातारी त्यावर अशी रडली, म्हनली आमच्या घरात पाळना कधी बांधायची येळच आली न्हाई. सासूनं काम सोडून तिला पानी दिलं, आन दोघी तिथंच लाकडावर बसून ऱ्हायल्या.

तुम्ही म्हनाल ही बया भलतंच सांगत बसली. पन हे सांगितल्याबिगर पुढचं कळायचं न्हाई तुम्हाला.

तर बाबल मिस्त्री. मशीन त्याच्याकडं. मालवनकडचा मानूस, ऱ्हायला भांडुपला, माझ्यापेक्षा धा-बारा वर्सांनी मोठा, तोंडानं फटकळ, पन हात असा की करवतीला लागलेलं लाकूड आवाजावरनं सांगायचा, हे ओलं, हे सुकं, ह्याला वाळवी लागलेली. मला इंदू म्हनायचा. नवरा गेला माझा, दारूनं गेला, आता लपवून काय करू, तवा बाबल मिस्त्री घरी आला, सासूसमोर बसला, आन मला म्हनला, इंदू, तू कामार ये, तुझी निशाणी असली काय माका बघूचा लागत नाय. तेवढंच बोलला. तेरा दिवस झालं नव्हतं तरी दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले, लोकांनी नावं ठेवली, ठेवू दे.

अशी वर्सं गेली. सासू गेली, पोरगी लगीन होऊन बदलापूरला गेली, आन मी वखारीत. शेठचा पोरगा मधी मधी कुरकुर करायचा, म्हनायचा ह्या बाया कशाला पायजेत, सगळा माल सरळ पाववाल्याला देऊन टाकू, भट्टीत जाळायला न्या म्हनावं, खिळ्यासकट. आन देतबी व्हते, बारका माल, खिडकीच्या चौकटी, सगळा भट्टीत जायचा. मला ते बघवायचं न्हाई. तवा हवा-बिवा काय माहीत नव्हतं मला, पन आई चुलीतनं फाटा मागं ओढनारी, आन हितं सागाच्या चौकटी जळताना बघायच्या, जीव तुटायचा. मी निवडून निवडून चांगल्या चौकटी मागं टाकायची, मिस्त्री त्यातनं पाट काढायचा, स्टुलं काढायचा. शेठ बोलायचा, ह्या दोघांना जुन्या लाकडाचं लई प्रेम.

आता तो दिवस. अकरा वर्सं झाली त्याला. पावसाळा व्हता, छपराखाली ओल, आन घाटकोपरच्याच एका चाळीचा माल आला व्हता, सोळा तुळया, सकाळपास्नं मी एकटीच, दुसरी बाई आजारी. माझी कंबर तवाच धरलेली. पंधरा झाल्या. सोळावीच्या तीन बाजू बघितल्या, चौदा-पंधरा खिळं काढलं, चौथी बाजू खाली जमिनीला. हमाल ट्रक खाली करत व्हते. हाक मारली, आले न्हाईत. परत मारली. तिकडनं मिस्त्रीची हाक, इंदू, झाली काय गे, मशीन रिकामी हा. आन मी मनात म्हनलं, मुकादमानं सांगितलंय गॅलरीची तुळई, गॅलरीत कोन पाळना बांधतंय. वाकून दोन बोटं खाली घातली, जिथवर पोचली तिथवर फिरवली, काय लागलं न्हाई, आन खडू घेऊन निशानी काढली. दोन रेघा आन टिंब. काय सांगू तुम्हाला, जास्त काय नव्हतं, दमले व्हते, येवढंच.

त्या चाळीत आतली जागा कमी, बायका गॅलरीतच पाळना बांधायच्या, हे मला नंतर कळलं.

आवाज झाला तो मी अजून विसरले न्हाई. पट्टा तुटला, तुळई उसळली, मिस्त्रीचा डावा हात आत ओढला गेला. दोन बोटं गेली, तिसरं वाकडं ऱ्हायलं. सगळी त्याला घेऊन रिक्षाकडं पळाली, शेठ, हमाल, सगळी. मी एकटी ऱ्हायले मशीनीपाशी. तुळई अर्धी चिरलेली, चीर जिथं थांबली तिथं कडीची दांडी चमकत व्हती, आन टोकाला माझी निशानी. आता तुम्ही लिवनार असाल तर हे नीट लिवा. मी पदर नळाखाली भिजवला आन ती निशानी पुसली. एकदा पुसून गेली न्हाई, खडू लाकडात बसतो, मंग परत भिजवला, परत घासली. दिसंनाशी होईपत्तर पुसली.

शेठ संध्याकाळी आला, तुळई बघितली, म्हनला, ह्याच्यावर निशानीच न्हाई. बाबलनं बिननिशानीचा माल घातला मशीनीवर, म्हातारा झाला, डोळं गेलं त्याचं. मला इचारलं, ही तू बघितली व्हती? मी म्हनले, न्हाई शेठ, ही बाकी व्हती. येवढंच खोटं बोलले मी जलमात, म्हंजी मोठं म्हनावं असं. दवाखान्यात मिस्त्री म्हनला म्हने, निशाणी होती, मी बघलंय. शेठ म्हनला, चल दाखव. त्याला दाखवता येईना. मंग तो गप बसला. हात बरा झाल्यावर एकदा वखारीत आला, आपला रंधा आन पटाश्या घेऊन गेला, सगळ्यांना येतंय म्हनला, मलाबी म्हनला. मी खिळा काढत व्हते, वर बघितलंच न्हाई.

मंग मी काम तसंच करत ऱ्हायले. न करून पोट कसं भरनार. पन दोन रेघा आन टिंब परत कधी काढलं न्हाई, नुसता गोल काढायची, शेठनं इचारलं तर म्हनलं रेघा पुसतात. आन हर एक तुळई दोनदा फिरवायची, चारी बाजू दोनदा, हमाल वैतागायचे, म्हनायचे मावशी येडी झाली, शेठचा पोरगा म्हनायचा ही बाई दिवसाला चार तुळया काढती, हिला ठेवून काय फायदा. मी म्हनायची काढा मला. काढलं न्हाई त्यांनी, कारन माझ्या हातनं गेलेल्या मालानं परत कधी पट्टा तुटला न्हाई. भांडुपला जावं, सांगावं, असं हर वर्सी मनात यायचं. एकदा भांडुप टेसनपत्तर गेले, भाजी घेतली आन परत आले. आमच्या भांडुपच्या एका बाईकडनं कळायचं, मिस्त्री घरीच असतो, काय करत न्हाई, बसून असतो. मी म्हनायची, हाताचं दुखनं असंल.

आता ह्या दोन वर्सांतलं. वखार बंद झाली, शेठच्या पोरानं जागा दिली बिल्डरला, तिथं टावर होतोय. मी घरी बसले. आमची पत्र्याची खोली, उन्हाळ्यात अशी तापती की भांड्याला हात लावता येत न्हाई, पहिलं असं नव्हतं हो, गरम व्हायचं पन असं न्हाई, आता फेब्रुवारीतच दुपारची मी पायरीवर येऊन बसते. तर एक दिवस तिथं पायरीवर तेजश्री मॅडम आली. आर्किटेक हाय, घरं बांधनारीच, पन जुनं लाकूड टाकू नका म्हनून लोकांच्या मागं लागती. नाहूरला एक शेड घेतलीय तिनं, पडनाऱ्या बिल्डिंगचं लाकूड तिथं आनायचं, साफ करायचं, आन त्याचीच दारं, टेबलं, शाळंचे बाक करायचे. कुनीतरी तिला माझं नाव सांगितलं, म्हनलं खिळं काढनारी शेवटची बाई हीच.

ती मला समजावून सांगत व्हती, झाड वाढताना हवेतला कार्बन ओढून घेतं आन त्याचंच लाकूड करतं, जवर लाकूड हाय तवर तो आत कोंडलेला, जाळलं की परत हवेत, आन हवा आजून तापती. आन एक तुळई परत वापरली की तेवढं एक उभं झाड तोडायला नको. बरं, तोडायचं तर जपून तोडा, तोडलं तेवढं लावा, आन तोडलेलं पिढ्यान्‌पिढ्या वापरा, असं तिचं म्हननं. मला ते लगीच पटलं, डब्याला झाकन लावून ठेवल्यागत झालं, म्हनलं. पन मी म्हनले, मॅडम, मी हे पोटासाठी केलं, हवेसाठी न्हाई. ती म्हनली, हवेला काय फरक पडतो इंदूताई? पोरगी हुशार हाय. आन आता लोकं नव्या घरात भुश्याची दारं लावतात, कागद चिकटवलेली, दोन पावसाळ्यात फुगतात आन कचऱ्यात जातात, मी तिला म्हनलं, त्यांना सांग आधी. म्हनली सांगतेच हाय, कुनी ऐकत न्हाई.

तर तिनं नाहूरच्या आसपासच्या सहा बाया जमवल्या, आन मला म्हनली तुम्ही शिकवा. मी पहिलं न्हाई म्हनलं. दमलेय, म्हनलं, कंबर गेलीय. ती रोज यायची. शेवटी गेले. हातोडी कशी धरायची, जंबूर कसा वाकवायचा, तळवा कसा फिरवायचा, सगळं दाखवलं, बायांना मजा वाटत व्हती. मंग मॅडम म्हनली, आता निशानीचं सांगा, प्रत्येकीनं आपापली ठरवा. मी खडू हातात घेतला आन उभीच ऱ्हायले. त्यातली एक रेश्मा, लई प्रश्न इचारती, ती म्हनली, मावशी, आन निशानी काढल्यावर आत खिळा निघाला, कुनाला लागलं, तर चूक कुनाची? मशीनवाल्याची ना, त्यानं बघायला नको?

मी म्हनले, न्हाई. ज्या बाईची निशानी तिची. आन हे बोलले, आन खडू खाली ठेवला. अकरा वर्सांत पहिल्यांदा ते तोंडातनं निघालं व्हतं, तेबी दुसऱ्यांना शिकवायला. मॅडमला म्हनलं मला बरं वाटत न्हाई, आन तिथनं निघाले ती सरळ भांडुप. नाहूरवरनं भांडुप किती लांब, चालतच गेले, म्हनलं बस थांबली तर उतरून पळशील तू.

दुपारचं दोन-अडीच झालं असंल. सून घरात व्हती, नात शाळंत. मिस्त्री खिडकीपाशी बसलेला, केस सगळे पांढरे. ओळखलं लगीच, म्हनला, अगो इंदू, ये गे. सुनंनं चा टाकला. मी चा येईपत्तर थांबले न्हाई. उभ्या उभ्याच सांगितलं. म्हनलं मिस्त्री, ती तुळई मी बघितली व्हती, चौथी बाजू न्हाई बघितली, निशानी माझी व्हती, मीच पुसली, भिजवलेल्या पदरानं. तुमचं काय चुकलं न्हाई.

मला वाटलं शिव्या देईल, दे म्हनलं बाबा. तर तो म्हनला, निशाणी होती? म्हनलं व्हती. दोन रेघो आणि टिंब? म्हनलं व्हय. परत इचारलं, खरांच होती? आन मंग म्हनला, मी बघलेलंय ती इंदू, आणि मीच म्हटलंय, नाय बघलंय. अकरा वर्सां मी माझ्याच डोळ्यांक खोटा म्हटलंय. माका वाटला माझी मती फिरली. घरात सुरी हातात धरूक नाय मी, खिळो ठोकूक नाय, नातीक घेऊन रस्तो ओलांडूक नाय, म्हटला माका नसलेला दिसता, कधी गाडी दिसाची नाय. आन हे बोलताना तो रडत नव्हता ताई, नुसता त्या वाकड्या बोटाकडं बघत व्हता.

काय सांगू तुम्हाला. मला वाटत आलेलं मी त्याची दोन बोटं खाल्ली. बोटं तर गेलीच, पन मी सगळा मानूसच खाल्ला, अकरा वर्सं, बसल्या जागी, आन मला पत्ताच न्हाई. सून चा घेऊन दारात उभी, तिनंबी आयकलं सगळं. तीच म्हनली मंग, बाबा, मी किती येळा बोलले तुम्हाला, नीट दिसत न्हाई तर कशालाच हात लावू नका. आन ती रडायला लागली. मिस्त्री मला म्हनला, जा तू. घराक जा. मी पाया पडायला वाकले तर पाय मागं घेतले त्यानं. चा तसाच ऱ्हायला.

दुसऱ्या दिवशी मॅडमला सांगितलं, बायांनाबी सांगितलं, सगळ्यांसमोर. लपवायचं आता कशासाठी. मॅडमचं तोंड उतरलं. म्हनलं आता तुम्हाला पायजे तर दुसरी बघा शिकवायला. रेश्मा म्हनली, दुसरी कोन हाय? तेबी खरंच. मंग मी खडू घेतला आन शिकवायला लागले, चौथी बाजू आधी, ती आधी पलटी करायची, मंग बाकीच्या तीन. सासूनं असं शिकवलं नव्हतं, हे माझं.

पंधरा-ईस दिवस गेले असतील, शेडमधी रिक्षा आली, आन मिस्त्री उतरला. सून सोडायला आलेली. माझ्याकडं बघितलं न्हाई. मॅडमला म्हनला, मशीन खंय हा? बघितली, पट्टा हातानं चाचपला, नव्या मशीनवाल्याला दोन शब्द सुनावले, पट्टो सैल हा म्हनला. मंग माझ्या निशानीच्या तुळया लावलेल्या तिथं आला. मी परत दोन रेघा आन टिंब काढायला लागले व्हते, कारन गोल काढायचं आता काय कारन ऱ्हायलं नव्हतं. त्यानं हमालाला बोलावलं, म्हनला, उलटी कर. मॅडम म्हनली, काका, इंदूताईंनी बघितलीय ती. तर सगळ्या बायांसमोर म्हनला, हिची निशाणी माका चलाची नाय. आन उजवा तळवा घेऊन चारी बाजू बघितल्या. एक, दोन, सगळ्या तुळया. मी उभी ऱ्हायले. लाज वाटली, खोटं कशाला सांगू, कान तापले माझे, त्या पोरींसमोर.

तवापास्नं आठवड्यात तीन दिवस येतो तो. बसनं येतो, एकटा. माझ्याशी कामाशिवाय बोलत न्हाई. बायांना इंदूचा शिकवना चांगला हा म्हनतो, आन माझ्या तुळया उलट्या करून बघतो. सगळ्यांच्या न्हाई बघत, फकस्त माझ्या. माफ केलं का म्हनून इचारू नका, मी इचारलं न्हाई, आन तो सांगायचा न्हाई. मॅडम मला म्हनती, वाईट वाटून घेऊ नका. मी म्हनते, मॅडम, तुम्ही तुमचं लाकूड बघा.

परवाची गोष्ट सांगते आन थांबते, तुम्हाला उशीर व्हतोय. चेंबूरच्या एका बंगल्याची तुळई व्हती, माझी निशानी काढून झालेली, चारी बाजू दोनदा बघितलेल्या, शपथेवर सांगते. मिस्त्री तळवा फिरवत आला, मधीच थांबला. परत फिरवला. पटाशी मागितली, खरवडलं, आन लांबीखाली खिळ्याचं डोकं निघालं, बारीक, गंजलेलं. माझा हात आता पहिल्यासारखा ऱ्हायला न्हाई, साठी जवळ आली, तळव्याला घट्टे पडलेत, कळत न्हाई. सगळ्या बाया बघायला लागल्या. मला वाटलं आता बोलनार. त्यानं माझ्याकडं बघितलं, आन जंबूर माझ्यापुढं धरला. मी घेतला आन खिळा काढला. खडूची निशानी त्यानं पुसली न्हाई, तशीच ठेवली, आन ती तुळई आपल्या हातानं मशीनीकडं लोटली.

त्या दिवशी घरी आले ती जेवून तशीच झोपले, मधी जाग आली न्हाई. माझ्यामागं कुनीतरी बघनारं हाय आता, ताई, मला येवढं पुरं.

जावा आता, सांभाळून उतरा, खालच्या चार पायऱ्या फुटक्यात. सुखी ऱ्हा.